मामांच्या बरणीतलं विरजण

आयुष्यात बिअरचा एक थेंबही जिभेला न लावता अख्ख्या नगर जिल्ह्यात सगळ्यात उत्तम बिअर करणारा माणूस कोण, असं कोणी विचारलं तर मी बेधडक माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन. आणि त्या बिअरचा जीव ज्यात होता ते विरजण मोरीत ओतून देणारा माणूस कोण, असं विचारलं तर मला स्वतःकडे बोट दाखवावं लागेल. ही दुसरी गोष्ट मी तीन वर्षं कोणाला सांगितली नव्हती. मी शाळामास्तर. रोज चाळीस मुलांना खरं बोलावं म्हणून सांगणारा. पण मामांसमोर मी एक वाक्य खोटं बोललो आणि ते वाक्य तीन वर्षं त्यांच्याच घरातल्या दोन खोल्यांत राहून, मामींच्याच हातची भाजी खाऊन पचवत राहिलो. ते आता लिहून टाकतो. पण त्याआधी मामा कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर मी नेमकं काय ओतून दिलं ते कळायचं नाही.

मामा लष्कराच्या कोठारात कारकून होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारनं इथल्या जर्मन लोकांना पकडून नगरच्या छावणीत आणून ठेवलं. त्यांत एक जाडजूड, लालबुंद म्हातारा होता. त्याच्या सात पिढ्या बिअर करण्यात गेलेल्या. त्याला शिधा मोजून देण्याचं काम मामांकडे होतं. जव हातात घेऊन तो म्हातारा रडला, असं मामा सांगत. दुसऱ्या कोणी त्याला रुमाल दिला असता. मामांनी विचारलं, "जवाचं तुम्ही करता तरी काय?" आणि पुढचे आठ महिने तो म्हातारा मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत राहिला आणि मामा कोठाराच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर लिहून घेत राहिले. त्याला उत्तरेकडच्या छावणीत हलवलं त्या दिवशी त्यानं मामांच्या हातात एक बरणी ठेवली. मेसमधून मिळालेल्या बाटलीच्या तळाशी जो गाळ उरतो, तो त्यानं जवाच्या पाण्यावर जगवून वाढवला होता. "ये मेरा बेटी," तो म्हणाला, "खाना देना. भूलना मत."

मामा विसरणाऱ्यांतले नव्हते. त्यांची संध्या चुकत नसे, एकादशी चुकत नसे, तशी त्या दिवसापासून बरणीची सेवाही चुकली नाही. लोकांना यात विसंगती दिसे. मामांना दिसत नसे. त्यांचं म्हणणं असं की, जर्मनानं पहिल्या दिवशी सांगितलं, या कामात स्वच्छता म्हणजे सगळं, हात धुवा, भांडं धुवा, परक्याला शिवू देऊ नका. "अहो, म्हणजे सोवळं!" मामा मांडीवर थाप मारून सांगत. "आणि काय करायचं? जव भिजत घालून मोड आणायचे. मटकीला आणतो तसे. मग वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. भाजणी! मग उकळून, निववून विरजायचं. यात साहेबाचं आहे काय, जावईबापू? साहेबानं फक्त बाटलीला बूच लावलं."

म्हणून मामा बिअर करत ती सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून. पहाटे आंघोळ, मग हंडाभर पाणी चुलीवर. उकळलेलं पाणी उतरवून त्यात वाकून बघायचं. वाफ सरून आपलं तोंड स्पष्ट दिसायला लागलं की भरड टाकायची. मामांचं तोंड त्यात दिसेपर्यंत घरातलं कोणी त्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण घड्याळ ओवळ्यातलं. उकळायचं ते जपाच्या माळेवर. तीन माळा उकळायचं, दुसरी माळ संपली की कडवटपणासाठी मूठभर काडेचिराईत टाकायचं. जर्मन वापरायचे ती फुलं नगरच्या गंजबाजारात कुठून मिळणार? काष्ठौषधीच्या दुकानात मामांनी एकेक कडू मुळी हुंगून शेवटी हे शोधून काढलं होतं. एकदा दुसऱ्या माळेच्या शेवटी मामींनी दारातून विचारलं, "अहो, वाटाणा शिजायला घालू का?" आणि मामांची मोजणी चुकली. काडेचिराईत टाकलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. ती बिअर इतकी कडू झाली की सोनईच्या हवालदारांनीसुद्धा फुलपात्र खाली ठेवलं. मामांनी ती फेकली नाही. त्या पावसाळ्यात गल्लीत हिवतापाची साथ होती आणि दवाखान्यात कोयनेल मिळत नव्हतं. मामांनी दोन दोन चमचे काढा म्हणून घरोघर वाटला. माणसं बरी झाली. निदान दुसरा डोस नको म्हणून बरं वाटतंय असं तरी म्हणाली.

हे हवालदार म्हणजे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, सोनईला जव पिकवणारे, अंगानं आडवे गृहस्थ. दर रविवारी दुपारी ते जवाचं पोतं किंवा निदान पिशवी घेऊन हजर होत. भिंगारचा गोवेकर पाववाला येई. मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर येई, तो स्वतः आल्याची बिअर करी आणि मामांच्या मते ती बिअर नव्हतीच, पाचक होतं. हवालदार बाजरी आणि गुळाचं काहीतरी मडक्यात लावून आणीत. परसात पोतं अंथरून हे मंडळ बसे. नियम दोनच. आपल्या मडक्याचं कौतुक आपण करायचं नाही, आणि दोन फुलपात्रांपुढे कोणी जायचं नाही. मामा स्वतः पीत नसल्यामुळे ते परीक्षक. आधी बूच काढण्यापूर्वी बाटलीला कान लावायचे. मग बूच काढून नाक. मग फेसात बोट न बुडवता शेजारी बोट धरून त्याची उंची मोजायचे. आणि मग पिणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचे.

"डावी भुवई वर गेली तुमची," ते हवालदारांना म्हणत. "आंबट झालंय."

"न्हाई वो मामा, लई झ्याक हाय!"

"मग भुवई का गेली?"

"माशी बसली हुती!"

"माशी उजवीकडं बसली होती. पुढच्या खेपेला विहिरीच्या कोनाड्यात ठेवतो."

मामांचं नाक हा एक स्वतंत्र विषय आहे. मांडवात शिरता शिरता पंगतीतलं दही कोणत्या घरच्या विरजणाचं ते ओळखत, आणि यजमानाला बाजूला घेऊन ते विरजण बदलायला सांगत. आमच्या लग्नात त्यांनी माझ्या थोरल्या काकांना असं बाजूला घेतलं होतं, आणि काका अजून ते विसरलेले नाहीत. पत्र उघडण्याआधी ते कोणत्या गावाहून आलं ते हुंगून सांगत. मामी म्हणत, "यांच्यापुढं भाजी करपायची सोयच नाही. मी अजून चुलीशी असते आणि हे बाहेरून ओरडतात, हलवा, हलवा."

आणि मामांना खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे तत्त्व म्हणून नव्हे. जमतच नसे, तोतऱ्या माणसाला काही अक्षरं जमत नाहीत तसं. बेचाळीसच्या धामधुमीत एका दुपारी उन्हानं मामांच्या सहा बाटल्या लागोपाठ फुटल्या. शेजाऱ्यांना वाटलं बाँब. दहा मिनिटांत फौजदार शिपायांसह दारात. मी घरात होतो, दाराआड उभा राहून ऐकत होतो. फौजदारांनी विचारलं, "इथं काय चालतं?" मामांनी सांगितलं. सगळं सांगितलं. जव कधी भिजत घालायचे, मोड नखाएवढे झाले की कसे ओळखायचे, भाजताना पळी कोणत्या बाजूनं फिरवायची, तोंड पाण्यात कधी दिसतं. पहिल्या पाव तासात फौजदार उभे होते, दुसऱ्या पाव तासात बसले, आणि माळेच्या मोजणीपाशी आल्यावर ते हात जोडून म्हणाले, "गुरुजी, अनुष्ठान आहे ना? चालू द्या." मामा त्यांच्यामागं दारापर्यंत गेले. "अनुष्ठान नाही हो, बिअर आहे, बिअर!" फौजदार हसत हसत निघून गेले.

मी मात्र त्या दिवसापासून धास्तावलो. माझी नोकरी कायम व्हायची होती. आमचे हेडमास्तर दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यामुळे रविवारी दुपारी मी मुद्दाम गावाबाहेर फिरायला जात असे, म्हणजे मंडळ बसलं तरी मी पाहिलं नाही असं छातीवर हात ठेवून म्हणता यावं. मी असा माणूस आहे. मामांना हे माहीत होतं आणि ते मला कधी हसले नाहीत. संध्याकाळी परतल्यावर म्हणत, "आलात? आता सगळं आवरलंय."

युद्ध संपून मामा पेन्शनीत निघाले आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी मामींना घेऊन काशीला जायचं ठरवलं. बायको आणि मुलं संगमनेरला आजोळी. घरात मी एकटा. बरणी माझ्या स्वाधीन झाली. मामांनी कागदावर बारा कलमं लिहून दिली. आंघोळ करून, सोवळ्यानं, दर पाचव्या दिवशी दोन पळ्या जवाचं निवलेलं पाणी घालावं. फडकं घट्ट बांधू नये. ओल्या पोत्यात ठेवावी. टांग्यात बसल्यावरही ते वाकून म्हणाले, "जावईबापू, पाचव्या दिवशी."

मी कलमं पाठ केली. पण तिसऱ्या दिवशी बरणीतला बुडबुडा थांबला. मला वाटलं, उपाशी आहे. माझ्या हातून उपासमारीनं मेली तर? मी दोन पळ्या घातल्या. ती पुन्हा कुजबुजायला लागली. मला इतकं बरं वाटलं की चौथ्या दिवशी पुन्हा घातल्या. मग रोज. मी दोन पळ्यांच्या चार केल्या. प्रामाणिकपणाच्या भरात माणूस काय करील ते सांगता येत नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. न सांगता. माझ्या कायम होण्याविषयीच बोलायचं होतं. मी त्यांना ओसरीवर बसवलं, चहाचं आधण ठेवायला आत गेलो आणि बघतो तो फडकं बाजूला पडलेलं आणि बरणीतून पांढरा फेस उतू जाऊन फरशीवरून शांतपणे उंबऱ्याकडे निघालेला. मी धोतराच्या सोग्यानं तो अडवला. तो सोग्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे आला. बाहेरून हेडमास्तर म्हणाले, "काय हो, पडलं का काही?" मी म्हणालो, "आंबील." तेवढ्यात फेस उंबरा ओलांडायला लागला. त्यानंतर मी काय केलं ते मला अजून स्वच्छ दिसतं. मी बरणी उचलली, मागच्या दारानं परसात गेलो आणि ती मोरीत उपडी केली. मग बंबातलं कढत पाणी बरणीत ओतलं, आणि उरलेलं मोरीत. पाच वर्षं सांभाळलेली ती जर्मनाची लेक अर्ध्या मिनिटात गेली.

मी चहा घेऊन बाहेर आलो. हेडमास्तर उपरण्यानं नाक पुसत होते. "दोन दिवस सर्दीनं हैराण आहे," ते म्हणाले. "कसलाही वास म्हणून येत नाही." तुमचं काम झालंय, असं सांगून ते चहा पिऊन गेले.

कढत पाण्यानं सगळं मेलं असेल असं मला वाटलं होतं, पण मोरी पुढे चार दिवस फसफसत होती. मोरीच्या पाण्यावर मामींनी अळू लावलं होतं. ते त्या पंधरवड्यात असं माजलं की एकेक पान पत्रावळीएवढं झालं. मी रोज बादल्या ओतत होतो आणि पाठ करत होतो.

मामा काशीहून आले. टांग्यातून उतरून पाय धुवायला मागं मोरीवर गेले. तिथं ते बराच वेळ उभे होते. परत आले तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "मामा, यंदा ऊन फार होतं. बरणी गेली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "ऊन होतं खरं." आणि गंगेच्या पाण्याचा गडू सोडायला बसले. मामींनी दुसऱ्या दिवशी अळूची भाजी केली. मामांनी पानात वाढू दिली नाही. अळू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण त्या हंगामात त्यांनी अळूला हात लावला नाही. मला वाटलं, दुःखानं.

बिअर बंद झाली. हवालदार पुढच्या रविवारी आले.

"बंद? का वो मामा?"

"ती गेली."

"गेली म्हंजी? कशी काय गेली?"

"गेली हो, हवालदार. चहा घेणार का?"

हवालदार आमच्या घरी चहा प्यायला लागले, हे दृश्य मला सोसवत नसे. कंपाउंडर यायचा थांबला, पाववालाही. मामा रविवारी दुपारी परसात पोतं मात्र अंथरत. त्यावर बसून ते जपाची माळ ओढत. तीन माळा झाल्या की उठत. मी आता फिरायला जात नसे. पण त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं धाडसही मला तीन वर्षांत झालं नाही.

यंदाच्या थंडीत मामांना विषमज्वर झाला. त्यातून ते उठले, पण नाक गेलं. मामींनी भाजी करपवली आणि बाहेरून हाक आली नाही. मामी पातेलं तसंच घेऊन माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "बघा हो, करपली. आणि ते गप्प बसलेत." त्यांचे डोळे भरले होते. त्याच आठवड्यात मी मामांसाठी मऊ पाव आणायला सायकलनं भिंगारला गेलो. दुकानाच्या दारात पाय ठेवला आणि थबकलो. मला वासातलं काही कळत नाही, पण हा वास मी नऊ दिवस रोज घेतला होता.

"हे कशानं फुगवता?" मी पाववाल्याला विचारलं.

"तुमच्या मामांच्या विरजणानं," तो म्हणाला. "लढाईत ताडी मिळंना, पीठ फुगंना. मामांनी वाटीभर दिलं. पाच वर्षं रोज त्यावरच भट्टी चालते. का, तुमच्याकडं नाही?"

मी घरी गेलो नाही. बरणीला सोवळ्यानंच शिवायचं म्हणून त्याच्याच विहिरीवर आंघोळ केली, दुकानाच्या मागं त्याच्या पंच्यावर उभा राहिलो आणि घरून मामांचा मुकटा मागवून घेण्याइतका धीर नसल्यानं ओला पंचा नेसून, उघड्या अंगानं, एका हातात त्याच्याकडून घेतलेल्या विरजणाची झाकलेली बरणी धरून सायकलवर बसलो. छावणीच्या रस्त्यानं येताना माझ्याच शाळेची सातवी भेटली. सगळ्या वर्गानं नमस्कार केला. मी एका हातानं सायकल धरलेली, दुसऱ्या हातात बरणी; नमस्कार कशानं करणार? मान हलवली.

मामा परसात पोत्यावर बसले होते. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नऊ दिवस, चार पळ्या, हेडमास्तर, मोरी, कढत पाणी. मामांनी माळ थांबवली नाही. माझं संपलं तेव्हा त्यांची माळ संपली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "टांग्यातून उतरलो तेव्हाच वास आला. अळूच्या पानाला सुद्धा येत होता. म्हणून खाल्लं नाही. थेंबही जिभेला लावायचा नाही, असं ठरवलंय ना मी."

"मग पाववाल्याकडून परत का नाही आणलंत? भिंगार काही काशी नाही."

"आणलं असतं. पण त्यानं विचारलं असतं, तुमचं कशानं गेलं? खोटं मला बोलता येत नाही. खरं बोलायचं तर भाचीच्या नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पंचा ओला आहे तुमचा. सर्दी होईल."

मी खाली बसलो आणि हात जोडले. मामांनी माझे हात धरून बाजूला केले आणि बरणी माझ्याकडे सरकवली. "माझी माफी कशाला मागता? माझं काय गेलं? हिला कढत पाणी घातलंत. हिची मागा."

फडकं सोडून ते वाकले. सवयीनं नाक नेलं, क्षणभर तसेच राहिले, मग मान हलवून चेहरा वळवला आणि बरणीच्या तोंडाला कान लावला. आता दारूबंदी आलेली. या बरणीतून मामांच्या हातची बिअर काही पुन्हा निघायची नाही, फार तर मामी पाव करतील. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्यांच्या सुरकुतलेल्या कानाखाली आत काहीतरी हळूहळू कुजबुजत होतं आणि मामांचे डोळे मिटले होते.

"चुकलो," मी बरणीला म्हणालो. "माफ कर."

"मोठ्यानं म्हणा," मामा कान न काढता म्हणाले. "म्हातारी झालीय ती आता."

स्वयंपाकघरात भाकरी थापणारा मामींचा हात थांबलेला मला ऐकू आला. मी पुन्हा म्हणालो, वर्गात म्हणतो तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.